सुई टोचली, लस लागू पडली का?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कापूस पिकत नाही, ज्वारीही नाही. तिथे भात, नाचणी, आंबा, काजू, नारळ आणि मासळी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याने मालवणच्या किनाऱ्याचा विचार करावा असे वरवर पाहता काही कारण नाही. तरीही जिल्हा बैठकीसाठी निघणाऱ्या या अंकाचे पहिले पान आम्ही त्या किनाऱ्यावरच्या शेळीला देत आहोत. ती शेळी आणि तुमच्या पऱ्हाटीत चरणारी शेळी एकाच रोगाने मरतात, एकाच लसीने वाचतात. आणि दोघींच्या बाबतीत सरकारी कागदावर एकच अर्धवट हिशेब मांडला जातो : इतक्या सुया टोचल्या, म्हणजे इतकी जनावरे वाचली.

हा हिशेब पुरा करून मागायचा, एवढेच या लेखाचे काम आहे.

सिंधुदुर्गात मेंढी जवळजवळ नाहीच. इतक्या पावसात लोकरीचे जनावर टिकत नाही, खूर कुजतात, जंत पोखरतात. तिथे आहे ती शेळी. काळ्या अंगाची, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत पांढरे पट्टे असलेली कन्याळ शेळी ही त्या जिल्ह्याची स्वतःची जात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवड पद्धतीने तिचा विकास केला आणि 'कोकण कन्याळ' या नावाने ती पुढे आणली. मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या वाड्यांमध्ये घरामागे दोन-चार शेळ्या मांगरात बांधलेल्या असतात. माळावर, काजूच्या बागेखाली चरतात. घरात पैसा लागला की एक बोकड विकला जातो.

हे चित्र वऱ्हाडातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाला परके वाटणार नाही. कापसाचा चुकारा आला की सोसायटी, दुकानदार आणि सावकार दारात उभे असतात. त्यातले घरधनिणीच्या हाती काही येत नाही. तिच्या हातचा पैसा म्हणजे बकरी. पोराची फी, म्हाताऱ्याचे औषध, दुबार पेरणीचे बियाणे हे बकरीच्या जिवावर निभते. बँकेत जामीन लागतो, सात-बारा लागतो. बकरीला दोन्ही लागत नाही. म्हणून बकऱ्यांच्या साथीत फक्त जनावर मरत नाही, घरातल्या बाईची सगळी शिल्लक आठ दिवसांत जाते.

रोग कोणता?

रोगाचे नाव पीपीआर. आपल्याकडे त्याला शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग किंवा शेळ्यांची बुळकांडी म्हणतात. १०४ ते १०६ अंश ताप चढतो. नाका-डोळ्यांतून आधी पाणी आणि मग घट्ट शेंबूड येतो, तोंडात फोड येऊन दुर्गंधी सुटते, जनावर हगवणीने खचते, छाती भरते, गाभण शेळी गाभडते. जनावराचा रोगाशी संबंध आल्यापासून चार-सहा दिवसांत ताप येतो आणि त्यानंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यात निकाल लागतो. लागण झालेल्या जनावरांपैकी ३० ते ७० टक्के दगावतात असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. करडे आणि कोकरे सगळ्यांत आधी जातात. माणसाला हा रोग होत नाही.

कोकणात एक घोटाळा नेहमी होतो. पावसाळ्यात शेळीला सर्दी-खोकला झाला की "पाऊस बाधला" म्हणून घरचे औषध चालते. आपल्याकडे थंडीत तेच होते. न्यूमोनिया वेगळा आणि पीपीआर वेगळा हे नुसत्या डोळ्यांना नेहमी कळत नाही. कळते तेव्हा वाडीतल्या निम्म्या शेळ्यांना लागण होऊन गेलेली असते.

हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा ओळखला गेला तो १९८७ साली, तामिळनाडूतल्या अरासूर या गावी. त्याआधी १९४२ साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये त्याचे वर्णन झाले होते. आज तो आफ्रिका-आशियाभर आहे, आणि २०२४ साली ग्रीस आणि रुमानियातही पोचला. तिथे एका जनावरात रोग सापडला की सगळा कळप मारून टाकतात. आपल्या शेतकऱ्याला ते परवडणारे नाही. आपल्याकडे उपाय एकच, लस.

आणि लस चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने 'सुंग्री-९६' या भारतीय विषाणूपासून ती तयार केली. कातडीखाली एक मिलिलिटर टोचायची. एकदा नीट लागू पडली की निदान तीन वर्षे संरक्षण मिळते. या विषाणूची प्रतिकाराच्या दृष्टीने एकच जात आहे, त्यामुळे एकच लस सगळीकडे चालते. बरे झालेले जनावर पुढे रोग बाळगत फिरत नाही. असा रोग मुळापासून उपटता येतो. म्हणूनच २०१५ साली जगातल्या देशांनी २०३० पर्यंत पीपीआर संपवायचे ठरवले. आपल्या केंद्र सरकारचा पीपीआर नियंत्रण कार्यक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला, त्यात दक्षिणेकडच्या राज्यांबरोबर महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या टप्प्यात होते.

मग अडते कुठे?

करडाच्या रक्तातले गणित

पहिली अडचण करडाच्या वयाची आहे. लस टोचलेली किंवा रोगातून उठलेली शेळी व्याली की तिच्या चिकातून करडाला आईची प्रतिद्रव्ये मिळतात. रोगाशी लढणारे हे सैन्य उधारीचे आहे. ते साधारण तीन महिने करडाला सांभाळते, मग ओसरते. गंमत अशी की हे सैन्य शत्रू आणि लस यांत फरक करत नाही. करडू दीड महिन्याचे असताना लस टोचली, तर आईची प्रतिद्रव्ये त्या लसीलाच मारून टाकतात. सुई टोचली गेली, रजिस्टरात नोंद झाली, आणि करडू महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उघडे पडले. म्हणून लस तीन ते चार महिन्यांच्या वयाला द्यायची. आधी दिली तर वाया जाते आणि फार उशीर केला तर मधल्या काळात रोग गाठतो.

आता ही खिडकी आणि सरकारी वेळापत्रक एकमेकांशी जुळवून पाहा. दिवाळीच्या आगेमागे झालेली करडे शिमग्याच्या सुमारास लसीला येतात. शिमग्याच्या सुमारास झालेली करडे मृगानंतर लसीला येतात, म्हणजे कोकणात ऐन पावसात आणि आपल्याकडे ऐन पेरणीत. मोहीम मात्र निघते ती लस पोचेल तेव्हा, किंवा मार्चअखेरचे उद्दिष्ट पुरे करायचे असेल तेव्हा. वर्षातून एक फेरी झाली तर दोन वेतांपैकी एक वेत हमखास निसटते. निसटलेल्या वेतातली करडे सहा-आठ महिन्यांची होऊन बाजारात जातात, किंवा कळपात राहून साथीचे जळण बनतात.

दुसरी अडचण कळपाच्या उलाढालीची. समजा एका गावात १०० शेळ्या आहेत. लस टोचली आणि ९० मध्ये ती नीट लागू पडली. फार चांगले काम झाले. पण शेळी हे विकण्याचे जनावर आहे. समजा वर्षभरात ३५ शेळ्या-बोकड विकले गेले आणि त्यांच्या जागी ३५ नवी करडे आली. विकली गेली ती बहुतेक टोचलेली होती. आली ती कोरी. वर्षअखेर उरलेल्या ६५ जुन्यांपैकी ५८-५९ पक्क्या, म्हणजे शंभरात साठही नाहीत. आणखी एक वर्ष करडांकडे दुर्लक्ष झाले की हा आकडा ३८ वर येतो. रोगाची साखळी तोडायला कळपातली ७० ते ८० टक्के जनावरे पक्की असावी लागतात असे जागतिक पशुआरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना मानतात. म्हणजे लस तीन वर्षे टिकते हे खरे, आणि गाव एका वर्षात उघडे पडते हेही खरे. लस जनावरात टिकते, गावात टिकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे, या रोगाची लढाई करडाच्या आणि कोकराच्या अंगावर लढली जाते. मोठ्या शेळीला दरवर्षी टोचून आकडा फुगवता येईल, पण करडू सुटले तर गाव सुटले.

तिसरी अडचण थंडाव्याची. ही लस जिवंत विषाणूची आहे. कोरडी पूड असेपर्यंत ती बर्फाच्या थंडाव्यात सांभाळायची, द्रावणात कालवली की थंड ठेवून तास-दोन तासांत संपवायची. एका कुपीत पन्नास-शंभर मात्रा असतात. कोकणातली वाडी म्हणजे दहा घरे आणि घरामागे दोन-चार शेळ्या. कुपी फोडली, वीस-पंचवीस जनावरे झाली, आणि पुढची वाडी डोंगराच्या पलीकडे. उरलेली लस टाकून द्यावी तर वर हिशेब द्यावा लागतो, घेऊन फिरावे तर उन्हात ती मरते. आपल्याकडे गावात जनावरे भरपूर, पण एप्रिल-मेचे ऊन ४५ अंशांचे आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. टोचणारा माणूस प्रामाणिक असला, तरी मेलेली लस टोचून काय उपयोग? कुपीतले पाणी पाहून लस जिवंत की मेलेली हे त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही.

कळते कशाने? रक्ताने

लस दिल्यावर तीन-चार आठवड्यांनी जनावराच्या मानेच्या शिरेतून चार-पाच मिलिलिटर रक्त काढायचे. ते न हलवता ठेवले की गोठते आणि वर पिवळसर पाणी सुटते. त्याला रक्तजल म्हणतात. ते बर्फात घालून प्रयोगशाळेत गेले की 'एलायझा' नावाच्या तपासणीत प्रतिद्रव्ये आहेत की नाहीत ते दिसते. या तपासणीचे संच आपल्याच देशात मुक्तेश्वरला तयार झाले. पुण्याला औंध येथे राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. बंगळूरला पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी 'निवेदी' ही राष्ट्रीय संस्था आहे, ती पीपीआरच्या रक्तजलाची पाहणी करते. तेव्हा साधन नाही असे कोणी सांगू नये.

एकदाच रक्त काढून मात्र भागत नाही. ही तपासणी एवढेच सांगते की प्रतिद्रव्ये आहेत. ती लसीने आली, रोगातून उठल्यामुळे आली, की आईच्या चिकातली शिल्लक आहेत, हे ती सांगत नाही. म्हणून लस टोचण्याच्या दिवशी एकदा आणि २८ दिवसांनी पुन्हा, त्याच करडांचे रक्त घ्यायला हवे. पहिल्या वेळी कोरे आणि दुसऱ्या वेळी भरलेले, तर लस लागू पडली. दोन्ही वेळा कोरे, तर लस वाया गेली. पहिल्याच वेळी भरलेले असेल, तर करडू लहान आहे, किंवा आधी टोचलेले आहे, किंवा रोग गावातून गुपचूप फिरून गेला आहे. यातले काय ते वय, कानातला बिल्ला आणि मालकाचे म्हणणे जुळवले की उमजते.

हे गणित अवघड नाही. शेतकरी पेरल्यावर आठ-दहा दिवसांनी तासात जाऊन उगवण पाहतो. शंभर सरकी टोबली आणि साठ उगवली तर तो दुकानदाराला जाब विचारतो, आणि बियाणे खराब की ओल कमी की खोल पडले याचा शोध घेतो. लसीचेही तसेच आहे. फक्त तीन महिन्यांच्या आतली करडे कोरी निघाली तर वय चुकले. एका गावची सगळीच कोरी निघाली तर लस वाटेत मेली. मेंढ्यांत कोरी निघाली आणि शेळ्यांत नाही, तर सुई लोकरीतून आरपार गेली असेल. खंगलेली, जंताने पोखरलेली जनावरे तेवढी कोरी निघाली तर आधी जंताचे औषध द्यायला हवे होते. दोष कुठे ते उगवण पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि उगवण न पाहता दरवर्षी पेरत राहणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही. सरकारने मात्र तसे पेरत राहावे आणि पोती मोजून समाधान मानावे, हे आम्हाला मान्य नाही.

माकडतापाचा धडा

उगवण न पाहिल्याने काय होते याचा एक धडा सिंधुदुर्गच्या मातीशी जोडलेला आहे. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडे मरून पडू लागली आणि माणसे तापाने फणफणली. तो क्यासनूर जंगलाचा ताप, आपल्या बोलीत माकडताप. गोचिडीतून येणारा. काजूच्या बागेत, रानात जाणारी माणसे त्यात सापडली. पुढे सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडेही तो गेला. या तापाचे मूळ गाव कर्नाटकातले, आणि कर्नाटकात त्याविरुद्ध वर्षानुवर्षे एक लस दिली जात होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मात्रा घेतलेल्यांना संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि वर तिसरी घेतलेल्यांना सुमारे ८३ टक्के असे दिसले होते. दर वर्षी बूस्टर घ्यावा लागे, लोक कंटाळून सोडून देत. शेवटी लस पुरेशी गुणकारी नाही असे ठरून २०२२ साली ती देणेच थांबले.

तो रोग वेगळा, ती लस वेगळी. पीपीआरची लस तिच्याहून कितीतरी सरस आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकावी. लस लागू पडते की नाही हे वेळच्या वेळी मोजले नाही, तर टोचून घेणारा माणूस आपण सुरक्षित आहोत या भरवशावर रानात जातो. खोटा भरवसा हा रोगाइतकाच घातक असतो.

आपल्यालाही हा अनुभव फार जुना नाही. २०२२ साली लम्पी आला. गायी-बैलांच्या अंगावर गाठी उठल्या, बैलबाजार बंद झाले. त्या साथीत बैलांना टोचलेली लस ही मूळची शेळ्यांच्या देवीची होती हे कित्येकांना ठाऊकही नसेल. सरकारने लसीकरण फुकट केले, मेलेल्या गायीला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत जाहीर केली. चांगले केले. पण "टोचूनही माझा बैल आजारी कसा पडला?" या प्रश्नाचे धड उत्तर गावात फारसे कोणाला मिळाले नाही. लस उशिरा मिळाली? रोग आधीच अंगात होता? लस मेलेली होती? उत्तर रक्तात होते. रक्त बघितले गेले नाही तिथे अफवा पसरल्या, आणि पुढच्या वेळी सुई पाहून दार लावणारे शेतकरी तयार झाले.

रोग वाटेने येतो

कोणी म्हणेल, मालवणची शेळी मालवणात, आमची बकरी आमच्या शिवारात. दोघींचा संबंध काय? संबंध रस्त्याचा आहे. कोकण आणि गोवा हा मटण खाणारा मुलूख. घाटमाथ्यावरची जनावरे फोंडा, करूळ, आंबोली घाटांनी खाली उतरतात. बाजारात चार जिल्ह्यांची जनावरे एका दावणीला येतात, एका टोपलीत खातात. हा विषाणू हवेतून फार लांब जात नाही आणि उन्हात फार वेळ तगत नाही; त्याला नाकाला नाक लागावे लागते. ती सोय बाजार आणि ट्रक करून देतात.

कापसाच्या पट्ट्यात दुसरी वाट आहे. वेचणी संपली की मेंढपाळांचे कळप शिवारात उतरतात. पऱ्हाटी चरतात, ज्वारीची धसकटे खातात, रात्री वावरात बसतात आणि खत देऊन जातात. हा व्यवहार दोघांच्या फायद्याचा आहे, तो पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, आणि चालला पाहिजे. पण पाणवठ्यावर त्या मेंढ्या आणि गावच्या बकऱ्या एकत्र येतात. मेंढपाळाचा कळप मोहिमेच्या दिवशी ज्या गावात असतो ते गाव म्हणते "ही आमची जनावरे नव्हेत", आणि ज्या गावच्या कागदावर ती आहेत तिथे ती दिवाळी ते मृग नसतातच. कोकरे ना इकडच्या मोजणीत, ना तिकडच्या. साथ आली की मात्र सगळे मेंढपाळाकडे बोट दाखवतात. दोष मेंढपाळाचा नाही. कळप असेल तिथे टोचण्याची व्यवस्था नाही, हा दोष आहे.

साथ आली की बाजार बंद करणे हा सरकारचा आवडता इलाज. २००९ च्या केंद्रीय कायद्यात पीपीआर हा खबर द्यावयाच्या रोगांत आहे. संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. साथ असताना जनावरांची ने-आण थांबवावी लागते, हे आम्हालाही कळते. पण खबर दिली की बाजार बंद आणि त्यानंतर काहीच नाही, असे होत राहिले तर खबर कोण देईल? आजारी बोकड रातोरात व्यापाऱ्याला जाईल आणि रोग दुसऱ्या जिल्ह्यात उतरेल. २०२४ च्या जूनपासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर राज्यात बंधन आले. बिल्ल्याला आमचा विरोध नाही. मात्र बिल्ला शेतकऱ्याला अडवण्यापुरता नको. त्या नंबरावर लस कोणत्या तारखेची आणि गावची रक्ततपासणी काय निघाली हे मालकाला दिसले पाहिजे. तसे झाले तर तोच बिल्ला बाजारात जनावराची किंमत वाढवील. पक्क्या गावची जनावरे म्हणून व्यापारी दोन पैसे जास्त मोजेल, आणि साथीच्या काळात असा कळप सरसकट बंदीतून सोडवण्याचा आधारही मिळेल.

बुळकांडी कशी गेली?

म्हाताऱ्या माणसांना गुरांची बुळकांडी आठवत असेल. गोठे रिकामे करणारा तो रोग. असल्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ साली ती मुक्तेश्वरला गेली. तीच आजची पशुवैद्यकीय संशोधन संस्था. त्या रोगाविरुद्ध देशाने दशकानुदशके लस टोचली. शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला, २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली ती जगातून गेली. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. पण तो गेला असे जगाने कशावरून मानले? अमुक कोटी सुया टोचल्या या आकड्यावरून नव्हे. लस बंद केली, गावोगाव जनावरांचे रक्त तपासले, आणि न टोचलेल्या तरुण जनावरांच्या रक्तात रोगाची खूण सापडली नाही, तेव्हा मानले. पीपीआरचा शेवटही असाच व्हायचा आहे. आज रक्त मोजण्याची सवय लागली नाही तर २०३० साल येईल आणि जाईल, सुया तेवढ्या वाढतील.

काय करायचे?

आधी आपले आपण. करडू-कोकरू झाले की तारीख लिहून ठेवा. कॅलेंडरवर लिहिली तरी चालेल. तीन महिने झाले की दवाखान्यात नाव द्या, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. लसीच्या पंधरा दिवस आधी जंताचे औषध पाजा. आजारी जनावर टोचायला आणू नका. मोहिमेच्या दिवशी गावातली सगळी जनावरे सकाळी उन्हाआधी एका जागी आणा, म्हणजे फोडलेली कुपी तासाभरात संपेल. कोकणातल्या वाड्यांनी दोन-तीन वाड्या मिळून एक जागा ठरवावी. टोचणाऱ्याच्या डब्यात बर्फ आहे का ते पाहा. नसेल तर लस परत पाठवा, त्यात कोणाचा अपमान नाही. बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधा. बाजाराच्या आदल्या दिवशी टोचून नेलेल्या बोकडाला लसीचा काही उपयोग नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि जिल्हा बैठकीत ठराव करून मागायचे ते असे. वर्षातून दोन फेऱ्या, एक शिमग्याच्या सुमारास आणि दुसरी पोळा-गणपतीच्या सुमारास. दोन्ही फेऱ्यांत तीन महिन्यांवरची प्रत्येक करडी-कोकरी आधी. फिरत्या कळपाला तो असेल त्या गावी लस, आणि नोंद जनावराच्या बिल्ल्यावर. लहान वस्त्यांसाठी कमी मात्रांच्या कुप्या. प्रत्येक तालुक्यात काही गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, तिथल्या वीस-वीस करडांचे रक्त लस देताना आणि २८ दिवसांनी तपासावे, आणि त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. वीसपैकी पंधरांपेक्षा कमी पक्की निघाली, तर कारण शोधून त्या गावात पुन्हा फेरी व्हावी. निवड चिठ्ठीने असावी, म्हणजे दवाखान्याजवळची सोयीची गावे दाखवून काम भागवता येणार नाही.

यात सूट नाही, सबसिडी नाही, कर्जमाफी नाही. लसीवर होणारा खर्च आजही होतोच आहे. तो कामी आला की नाही, एवढे दाखवा अशी ही मागणी आहे. शेतकऱ्याने कापूस विकला की त्याची आर्द्रता मोजतात, धाग्याची लांबी मोजतात, कचरा मोजतात, आणि मोजून भाव पाडतात. आमच्या मालाला लावता ती मोजपट्टी तुमच्या कामाला लावा.

मालवणच्या मांगरातले करडू आणि पऱ्हाटीतले कोकरू यांच्यामध्ये सह्याद्री आहे, पण रोगाला घाट ठाऊक आहेत. तेव्हा या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावचे दोन आकडे आणावेत. या वर्षी करडे-कोकरे किती झाली? आणि त्यातली तीन महिन्यांनंतर टोचलेली किती? तिसरा आकडा, लागू पडलेली किती, हा तुमच्याकडे नसेल. तो आपण सगळ्यांनी मिळून सरकारकडे मागायचा आहे.